कापलेल्या गाडीचं ‘ओरिजिनल’ कुठलं?

मंडळी, या शनिवारी कोड नाही, गाडी. पण वाचून झाल्यावर तुम्ही म्हणाल की हा फिरून-फिरून व्हर्जन कंट्रोलवरच आला. तर त्याला माझा नाइलाज आहे!

आधी थोडी पार्श्वभूमी. १९३२ साली फोर्डने सामान्य माणसाच्या खिशाला परवडेल अशी व्ही-८ इंजिनाची गाडी बाजारात आणली. काही वर्षांत या गाड्या जुन्या बाजारात स्वस्तात मिळू लागल्या आणि दक्षिण कॅलिफोर्नियातल्या पोरांच्या हातात पडल्या. पोरांनी काय केलं? मडगार्ड काढून फेकले, वजन कमी केलं, इंजिनाला जास्तीचे कार्ब्युरेटर बसवले आणि एल मिराजसारख्या वाळवंटातल्या कोरड्या तळ्यांवर जाऊन गाड्या पळवल्या. हे हॉट रॉड. याच गर्दीतून दुसरी एक जात निघाली, तिला कस्टम म्हणतात. हॉट रॉडचा जीव वेगात, कस्टमचा दिसण्यात. दोन्हींचं मूळ मात्र एकच: कंपनीने दिलं ते अंतिम मानायचं नाही. थोडक्यात, फोर्क मारायचा.

या दुसऱ्या जातीतली सगळ्यात गाजलेली गाडी म्हणजे ‘हिरोहाटा मर्क’. बॉब हिरोहाटा या जपानी वंशाच्या अमेरिकन तरुणाने आपली १९५१ची मर्क्युरी कूप सॅम आणि जॉर्ज बॅरिस या भावांच्या वर्कशॉपमध्ये दिली. १९५२ साली ती तयार झाली. बॅरिस मंडळींनी टप कापून पुढून ४ इंच आणि मागून ७ इंच खाली आणला. दोन खिडक्यांमधला खांबच काढून टाकला. बाजूची क्रोमची पट्टी ब्यूकची लावली, मागचे दिवे लिंकनचे. सांधे भरायला तेव्हा आजच्यासारखी पुट्टी नव्हती. शिसं वितळवून पत्र्यावर थापायचं आणि कानशीने घासून आकार द्यायचा. म्हणून तर अशा गाड्यांना ‘लेड स्लेड’, म्हणजे शिशाची घसरगाडी, असं नाव पडलं. रंग दोन, वर फिकट हिरवा आणि खाली गडद हिरवा.

गंमत म्हणजे ही शोकेसमध्ये ठेवायची बाहुली नव्हती. १९५३ साली हिरोहाटाने तिच्यात कॅडिलॅकचं व्ही-८ इंजिन बसवलं आणि लॉस एंजेलिसहून थेट इंडियानापोलिसला प्रदर्शनासाठी चालवत नेली. एका बाजूचंच अंतर दोन हजार मैलांच्या वर. या प्रवासाचा लेख ‘रॉड अँड कस्टम’ मासिकात आला. पुढे १९५५च्या ‘रनिंग वाइल्ड’ या सिनेमातही गाडी दिसली.

आणि मग? मग फॅशन बदलली. हिरोहाटाने गाडी विकली, ती दोन-चार हातांतून फिरली आणि शेवटी वापरलेल्या गाड्या विकणाऱ्याच्या दारात येऊन उभी राहिली. १९५९ साली जिम मॅकनील नावाच्या शाळकरी पोराने ती ५०० डॉलरला घेतली. काही वर्षं रोज वापरली, आणि मग १९६०च्या दशकात ती बंद पडून राहिली ती जवळजवळ पंचवीस वर्षं.

मला या गोष्टीतला हाच भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. वाचायला हा भाग म्हणजे रिकामी जागा आहे, काहीच घडत नाही! पण विचार करा. त्या काळात जुनी कस्टम म्हणजे भंगार. कुणी तिचं इंजिन काढून दुसरीकडे वापरेल, कुणी टप कापलेली बॉडी म्हणून चक्क मोडीत घालेल. पन्नासच्या दशकातल्या कितीतरी गाड्या अशाच गेल्या. ही वाचली, कारण एका माणसाने ती विकली नाही आणि ‘सुधारली’ही नाही. जतन म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर संग्रहालय येतं, पण बहुतेक वेळा जतन म्हणजे कुणाच्या तरी घरची अडगळ असते, जिच्यावरून घरात बोलणी खावी लागतात.

१९८०च्या दशकाच्या शेवटी ‘रॉड अँड कस्टम’ने पुढाकार घेतला आणि मॅकनीलने गाडी पुन्हा उभी करायला घेतली. आता अशी वर्षानुवर्षं उभी असलेली गाडी सापडली की पहिला मोह होतो बॅटरी लावून सेल्फ मारायचा. तेच करायचं नसतं! गंजलेल्या सिलेंडरमध्ये पिस्टन जाम झालेला असतो. जोर लावला की रिंगा तुटल्याच. आधी प्लग काढून तेल सोडायचं, काही दिवस मुरू द्यायचं, मग क्रँक हाताने हळूहळू फिरवून बघायची. पेट्रोलचा टाकीत चिकट राळेसारखा थर झालेला असतो. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं, त्यामुळे ब्रेकचे सिलेंडर आतून खाल्लेले असतात. वायरिंगवर उंदरांनी हात मारलेला असतो तो वेगळाच.

पण हे सगळं झालं मेकॅनिकचं काम, ते जमतं. खरा पेच पुढे आहे. गाडी ‘पूर्ववत’ करायची म्हणजे नक्की कुठल्या दिवशी होती तशी? कारखान्यातून निघाली तो १९५१चा दिवस? मग तर बॅरिस बंधूंचं सगळं कामच पुसायला हवं. १९५२ म्हणाल तर कॅडिलॅकचं इंजिन काढावं लागेल. सिनेमासाठी तर रंगच बदलला होता. गिटमध्ये जुन्या कमिटवर जाऊन परत येता येतं, पत्र्याला ती सोय नाही. वरचा रंग घासून खालचा शोधलात की वरचा गेला तो गेलाच.

त्यांनी निवडलं काय, तर १९५२चे दोन हिरवे रंग आणि १९५३चं कॅडिलॅक इंजिन. आमच्या भाषेत दोन व्हर्जनचा मर्ज. शुद्धतावादी नाक मुरडतील, पण मला ही निवड पटते. जो चेहरा लोकांनी प्रदर्शनात पाहिला तो, आणि ज्या इंजिनाने ती इंडियानापोलिसला गेली ते. गाडीचं आयुष्य ज्या दोन गोष्टींनी ठरलं त्या दोन्ही राहिल्या.

हळूहळू प्रतिष्ठितांनाही हे पटलं. पेबल बीचच्या उच्चभ्रू कार प्रदर्शनात १९९७ साली पहिल्यांदा हॉट रॉडसाठी वर्ग सुरू झाला. २०१५ साली तिथेच हिरोहाटा मर्कने आपल्या वर्गात पहिला क्रमांक घेतला. २०१७ साली ती अमेरिकेच्या ऐतिहासिक वाहनांच्या राष्ट्रीय नोंदवहीत गेली. मॅकनीलने मात्र ती शेवटपर्यंत विकली नाही. त्याच्या पश्चात, जानेवारी २०२२मध्ये, लिलावात तिला सुमारे २१ लाख ४५ हजार डॉलर मिळाले. ५०० डॉलरचे!

जाता जाता आपल्याकडचं. २०२१ साली केंद्र सरकारने व्हिंटेज गाड्यांच्या नोंदणीसाठी वेगळे नियम केले. गाडी ५० वर्षांहून जुनी हवी आणि मूळ स्वरूपातच हवी. चॅसी, बॉडी, इंजिन यांत मोठा बदल चालत नाही. नियम समजण्यासारखा आहे, रस्त्यावरची सुरक्षितता आहेच. पण या व्याख्येत हिरोहाटा मर्क ‘व्हिंटेज’ ठरलीच नसती. कारण तिचं ऐतिहासिक मोल आहे ते नेमकं त्या बदलांतच.

कंपनीने वस्तू कशी बनवली याची कागदपत्रं कुठेतरी सापडतात. लोकांनी ती पुढे कशी वापरली, कापली, जोडली, याची नोंद बहुतेक वेळा त्या वस्तूच्या अंगावरच असते, दुसरीकडे कुठे नाही. म्हणून कुणाच्या शेडमध्ये आजोबांनी काहीतरी विचित्र जोडाजोड केलेली गाडी धूळ खात असेल, तर ‘ओरिजिनल’ करायच्या नादात ती जोडाजोड काढून टाकण्याआधी निदान तिचे फोटो तरी काढून ठेवा. असो. पुढच्या शनिवारी परत कोड.