देण्याचं माप, घेण्याचं माप

आमच्या तंजावरच्या घरात सुधारणेच्या गोष्टी दोन प्रकारच्या होत्या. पहिल्या पाहुण्यांसमोर सांगायच्या. जेवणं आटोपून पानं झाली की आजोबा तिण्णैवर, म्हणजे रस्त्याकडच्या ओट्यावर, बैठक मारून सुरू करत. सरफोजी महाराजांनी १८०६ साली इसापाच्या गोष्टी मराठीत छापून काढल्या, तेव्हा पुण्यात छापखाना कशाशी खातात हे कुणाला ठाऊक नव्हतं! कुंभकोणमचे आपले दिवाणबहादुर रघुनाथराव इंदूरचे दिवाण झाले, पण त्यांचा जीव रमला तो विधवाविवाहाच्या शास्त्रार्थात. १८८७ साली मद्रासला रानड्यांबरोबर सामाजिक परिषद उभी केली ती त्यांनी. आजोबांच्या तोंडी या साऱ्याला ‘आपण’ असायचं. आपण छापलं, आपण बदललं.

दुसऱ्या गोष्टी आत्याआजी सांगे, त्याही माजघरात, सुपात डाळ निवडता निवडता. ती आजोबांची धाकटी बहीण. बाराव्या वर्षी कपाळ पुसून माहेरी आली आणि जन्मभर इथेच राहिली. ओट्यावर रघुनाथरावांची गोष्ट रंगात आली की ती उठून मागच्या चौकात जाई. तिच्या गोष्टींची सुरुवात ठरलेली असे: “कायदा आला ना, त्या वर्षी...”

तो कायदा १९५२ चा. तो का आला हे आजोबांनी कधी सांगितलं नाही. मला ते तुकड्यातुकड्यांनी जुळवावं लागलं.

व्यंकोजीराजांनी १६७६ च्या सुमारास तंजावर घेतलं आणि त्यांच्या मागोमाग आमच्यासारखी देशस्थ घराणी कारकुनीच्या, हिशेबाच्या, पूजेच्या निमित्ताने कावेरीकाठी आली. १८५५ साली शेवटचे राजे गेले, संस्थान कंपनीने गिळलं, नोकऱ्या संपल्या. राहिली ती जमीन. ती आम्ही एकरात नाही, वेलीत मोजायचो. एक वेली म्हणजे पावणेसात एकरांच्या आसपास. जमीन आमची, पण चिखलात पाय आमचा कधी नसे. नांगर धरायला, लावणी करायला पण्णैयाळ होते, मालकाच्या घराशी पिढ्यान्‌पिढ्या जखडलेले गडी. बापाने लग्नासाठी घेतलेलं कर्ज मुलाच्या अंगावर, मुलाचं नातवाच्या. त्यांची वस्ती, चेरी, गावाबाहेर. अग्रहारातून, म्हणजे ब्राह्मणांच्या आळीतून, चालायची त्यांना बंदी.

हे सगळं पूर्वापार होतं असं आजोबा म्हणत. ते अर्धंच खरं. १८६१ साली नागपट्टणमहून तंजावरपर्यंत आगगाडी आली आणि कावेरीचं भात एकदम दूरच्या बाजाराला जोडलं गेलं. सिलोनच्या चहामळ्यांतल्या आणि मलायातल्या मजुरांची पोटं भरायला तांदूळ हवा होता. तो नागपट्टणमच्या बंदरातून जाऊ लागला, आणि त्याच बंदरातून तो पिकवणारी माणसंही मळ्यांवर मजुरीला निघाली. आत्याआजी सांगे, एकदा रातोरात चेरीतलं एक अख्खं कुटुंब नाहीसं झालं. सकाळी कार्यक्कार, म्हणजे आमचा कारभारी, बोंबलत आला: “कप्पल चढले, कप्पल!” जहाजावर चढले. कर्ज बुडालं म्हणून पणजोबांनी दोन दिवस अन्न घेतलं नाही. त्यांतला एक जण म्हातारपणी परत आला तेव्हा त्याच्या कनवटीला नाणी होती. रोजची मजुरी रोख मोजून मिळते, ही गोष्ट चेरीत त्याने आणली.

मग भाताच्या गिरण्या आल्या. मुसळावर कांडण करून दोन मापं कमावणाऱ्या बायकांचं काम इंजिनाने खाल्लं. भात आता घरात फार दिवस राहीना. दलाल बांधावरच भाव करू लागले. १९३० नंतरच्या मंदीत ब्रह्मदेशाचा स्वस्त तांदूळ आला, भाव कोसळले आणि मालकांनी ती तूट कुठून भरली? वरून नव्हे, खालून.

खालून म्हणजे कशी, हे मला आत्याआजीने दाखवलं. कोठीच्या खोलीत दोन मरक्काल होते. मरक्काल म्हणजे धान्य मोजायचं लाकडी माप, कडेला लोखंडी पट्टी ठोकलेलं. दोन्ही दिसायला सारखे. तिने दोन्हींत हात घालायला सांगितलं. एकाचा तळ जाड होता. बोटांची दोन पेरं आधीच लाकूड लागलं. “हे देण्याचं,” ती म्हणाली, “आणि हे घेण्याचं.” खळ्यावर भात घरात येताना मोठं माप, पण्णैयाळाची मजुरी देताना जाड तळाचं. मोजणारा पहिल्या मापाला ‘एक’ म्हणत नसे, ‘लाभम्’ म्हणे. शिवाय देताना हाताने रास सपाट करायची, घेताना शीग चढू द्यायची. विधवा म्हणून तिला देवघरातलं काम नव्हतं, स्वयंपाकात अर्धंच. कोठीची किल्ली मात्र तिच्याकडे होती. “मी चाळीस वर्षं हे माप भरलं बाळा. पाप कुणाच्या नावावर मांडतात कोण जाणे.”

याच मापावरून पुढे ठिणगी पडली. १९४३ साली मन्नारगुडी तालुक्यातल्या तेनपरै गावी किसान सभेची शाखा निघाली. ती उभी करायला आलेला माणूस होता बी. श्रीनिवास राव. दक्षिण कानडातला, जातीने ब्राह्मण, तमिळ तोडकंमोडकं. तो चेरीत राहायचा, तिथेच जेवायचा. त्या काळी चुकलेल्या गड्याला चाबकाने फोडायचे आणि शेण कालवलेलं पाणी पाजायचे. हे गावोगाव सर्रास चाले. श्रीनिवास राव सांगायचे ते इतकंच की मारलं तर उलट मारा, एकट्याने नको, सगळ्यांनी मिळून. १९४४ च्या मन्नारगुडीच्या समझोत्यात मालकांनी चाबूक आणि शेणपाणी सोडायचं कबूल केलं. मागण्यांत एक अशीही होती: मजुरी सरकारी शिक्क्याच्या मापाने मोजा.

दुसऱ्याच वर्षी ठाण्याच्या जंगलात गोदावरी परुळेकर वारल्यांना वेठीला नाही म्हणायला शिकवत होत्या. एक मराठी बाई आदिवासींत आणि एक कानडी माणूस तमिळ दलितांत. त्या काही वर्षांत हे जागोजागी घडत होतं. आमच्या घरात श्रीनिवास रावांचं नाव मी एकदाच ऐकलं. आजोबा म्हणाले, “ब्राह्मण असून!” आणि विषय संपवला.

१९५२ च्या निवडणुकीत तंजावर जिल्ह्यात कम्युनिस्टांनी चांगल्या जागा घेतल्या. मद्रासला राजाजी मुख्यमंत्री झाले होते. ते कम्युनिस्टांचे हाडवैरी, पण वारं कुठल्या दिशेला वाहतंय ते त्यांना कळत होतं. ऑगस्टमध्ये त्यांनी वटहुकूम काढला, पुढे त्याचा कायदा झाला. खास तंजावर जिल्ह्यासाठी. कुळाला पिकाचा किमान ४० टक्के वाटा, कुळाला आणि पण्णैयाळाला मनाला येईल तेव्हा हाकलायची मनाई, तक्रारींसाठी समेट अधिकारी.

महाराष्ट्रातल्या वाचकाला यापुढची गोष्ट सांगायला नको. ‘कुळकायद्यात गेलं सगळं’ हे वाक्य तिकडच्या निम्म्या वाड्यांच्या भिंतींनी ऐकलं आहे. फरक एवढाच की आमचं लगेच काही गेलं नाही. आजोबांनी वाट काढली. पण्णैयाळ ठेवला तर कायदा लागतो. मग पण्णैयाळ ठेवायचाच नाही! त्यांनी गड्यांना बोलावून सांगितलं, कर्ज माफ, तुम्ही मोकळे. उद्यापासून रोजंदारीवर या, काम असेल तर. जिल्ह्यात बहुतेक मालकांनी हेच केलं आणि शतकांची वेठ काही वर्षांत रोजंदारी झाली. ओट्यावर मात्र ही गोष्ट ‘आपणच त्यांना मोकळं केलं’ अशी सांगितली जाई.

त्या मोकळ्या झालेल्यांपैकी एका म्हाताऱ्याला मी नंतर भेटलो. तो तेव्हा आमची गुरं राखणारा पोरगा होता. त्याच्या अंगणात खाटेवर बसून मी विचारलं, कायद्याने बरं झालं का? तो बराच वेळ हसला. “तंबी, माझ्या बापाच्या पाठीवर वळ होते, माझ्या नाहीत. हे कायद्याने आणि लाल झेंड्याने झालं. पण बापाला पोंगलला नवं वस्त्र मिळायचं, आजारपणात उचल मिळायची. मला ज्या दिवशी काम नाही, त्या दिवशी काही नाही.” तक्रार नव्हती, हिशेब होता. त्याच्या बापाला मालक होता, त्याला बाजार मिळाला.

बाजार पुढे आणखी तापला. १९६० पासून सधन शेतीच्या कार्यक्रमात देशातले जे मोजके जिल्हे निवडले, त्यांत तंजावर होता. खत आलं, कमी दिवसांत येणारं भात आलं, ट्रॅक्टर आले. पीक वाढलं तेव्हा मजुरांनी वाटा मागितला, आणि नागपट्टणमकडच्या मालकांनी आपली संघटना बांधून बाहेरगावचे मजूर आणले. २५ डिसेंबर १९६८ च्या रात्री कीळवेण्मणी गावात ४४ माणसं एका झोपडीत जाळली गेली. दलित, बहुतेक बाया आणि पोरं. वाद होता मजुरीतल्या मूठपसा भाताचा. पुढे उच्च न्यायालयात मालक सुटले. इतके श्रीमंत लोक स्वतःच्या पायांनी तिथवर चालत जाऊन हे करतील हे न्यायालयाला पटेना. त्या जळिताच्या आठवड्यातलं वर्तमानपत्र आजोबांनी घडी घालून गादीखाली ठेवलं. आत्याआजीने ते काढून वाचलं, मग कोठीतून जाड तळाचा मरक्काल आणला आणि न्हाणीघराच्या चुलीत घातला. हे तिने मला सांगितलं तेव्हा आजोबा जाऊन दहा-एक वर्षं झाली होती.

कीळवेण्मणीनंतर विनोबांच्या भूदानात चाललेल्या कृष्णम्माल आणि जगन्नाथन या भागात येऊन राहिले. १९८१ साली त्यांनी ‘लाफ्टी’ ही संस्था काढली आणि मालकांकडून जमीन विकत घेऊन भूमिहीन बायकांच्या नावावर केली. सरकारी कमालधारणेने जे जमलं नाही, ते त्यांनी एकेक एकर करून साधलं. कमालधारणा १९६१ साली ३० प्रमाण एकर होती, १९७० साली १५ झाली. दोन्ही वेळा आमच्या घरात पाळण्यातल्या पोराच्या नावावरसुद्धा जमीन चढली होती.

आता माझा चुलतभाऊ उरलेली थोडी शेती बघतो. भात सरकारी खरेदी केंद्रावर घालतो आणि दर हंगामात फोनवर तणतणतो: ओलावा दाखवून कापतात, गोणीमागे काटा मारतात. गेल्या खेपेला त्याने केंद्रासमोर धरणं धरलं. त्याच्या शेजारी बसला होता त्या म्हाताऱ्याचा नातू, खंडाने दोन एकर करणारा. मी विचारलं, मागणी काय तुमची? भाऊ म्हणाला, “शिक्क्याचा काटा लाव म्हणतोय. बाकी काही नको.” ही मागणी मन्नारगुडीत मांडली गेली होती आणि तेव्हा आपण समोरच्या बाजूला होतो, हे मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, “मला ठाऊक नव्हतं. पण त्याला ठाऊक आहे. धरण्याचा कागद त्यानेच लिहिला.”