‘फकिरा’ची भूमिका आणि नारायणगावचा फड

अण्णा भाऊ साठे यांच्या ‘फकिरा’ (१९५९) या कादंबरीचा नायक इंग्रजी कायद्याच्या लेखी दरोडेखोर, तर दुष्काळात उपाशी पडलेल्या मांगवाड्याच्या लेखी तारणहार आहे. १९६३ सालच्या चित्रपटात ही भूमिका सूर्यकांत यांनी केली. ऐतिहासिक व ग्रामीण चित्रपटांमुळे वीरनायकाची देहबोली त्यांच्या अंगी मुरलेली होती. परंतु फकिरा निव्वळ वीर नव्हे. रोज सरकारी हजेरी द्यावी लागणाऱ्या जमातीतला तो माणूस आहे.

या दुसऱ्या अंगाची तालीम जुन्नर तालुक्यात होत होती. नारायणगावच्या भाऊ-बापू मांग यांच्या ज्या फडातून विठाबाई पुढे आल्या, तशा फडांतील नटाला वगाचे कथासूत्र तेवढे ठाऊक असे. संवाद बोर्डावरच रचावे लागत. रात्री राजा होणाऱ्याची जात दिवसा सुटत नसे आणि सोंगाड्या त्याच राजाची टर उडवी. सत्तेकडे खालून पाहण्याचा हा सराव, म्हणजेच फकिराची खरी पूर्वतयारी. (अण्णा भाऊ स्वतः तमाशातच घडले होते.)

अमेरिकेत १९७१ साली मेल्व्हिन व्हॅन पीबल्स यांनी पोलिसांपासून पळणाऱ्या कृष्णवर्णीय नायकाचा चित्रपट लिहिला, दिग्दर्शित केला आणि नायकही स्वतःच रंगविला. ‘फकिरा’त लेखक मांग, नायक मांग, नट मात्र दुसऱ्या परंपरेतून आला.