ट्रेलरचे दिवे लागत नाहीत? आधी अर्थ तपासा

काशिमिरा-घोडबंदर पट्ट्यात महामार्गावर रात्रंदिवस ट्रेलर धावतात. मागचे दिवे बंद असले की दुचाकीवाल्याला ट्रेलर अगदी जवळ आल्यावरच दिसतो. म्हणून बिघाड कुठे आहे ते चालकाला ओळखता आले पाहिजे.

गाडी कडेला घ्या, चाकांना दगड लावा, मागे त्रिकोण ठेवा.

एकच दिवा बंद : बल्ब आणि होल्डर बघा.

ब्रेक दाबल्यावर इंडिकेटर मिणमिणतो किंवा सगळेच दिवे मंद : बहुतेक वेळा अर्थ सैल किंवा गंजलेला असतो. खाडीच्या खाऱ्या हवेत पिना लवकर हिरव्या पडतात. पिना आणि चासीवरचा अर्थचा बोल्ट पॉलिश पेपरने घासा, घट्ट करा.

ब्रेकलाइट बंद : सात पिनी सॉकेटमध्ये साधारणपणे १ नंबर अर्थ, ४ नंबर ब्रेक. प्लग काढा, ब्रेक दाबायला सांगा आणि ट्रकच्या सॉकेटला या दोन पिनांवर २४ व्होल्टचा टेस्ट लॅम्प लावा. पेटला तर दोष ट्रेलरकडे. नाही पेटला तर ट्रकचा फ्यूज, ब्रेक स्विच, वायर बघा.

फ्यूज पुन्हा पुन्हा उडत असेल तर कुठेतरी वायर सोलून चासीला लागतेय. मोठा फ्यूज किंवा तार घालू नका, वायरिंग पेट घेईल.