घटिकापात्र ते पन्नास वाव

माझा भाचा बोटीवर असतो. या खेपेला तळा गावी आला तेव्हा त्याच्या मनगटावर पाणबुड्यांचं क्रोनोग्राफ घड्याळ होतं. पोलादी, जाडजूड, हातात घेतलं की वजन कळावं असं. मांदाडच्या खाडीवर बसलो असताना त्याने तबकडीभोवतीची कडा फिरवून दाखवली. कट, कट, कट. "मामा, आता उलटी फिरवून बघा." उलटी ती तसूभरही हलेना.

कारण ऐकलं आणि ते घडवणाऱ्याबद्दल मनापासून आदर वाटला. पाणबुड्या उतरताना कडेवरची खूण मिनिटकाट्यासमोर आणतो आणि किती मिनिटं झाली ते पुढे कडेवरच वाचतो. खडकाला धक्का लागून कडा सरकलीच, तरी ती झालेला वेळ जास्तच दाखवणार, कमी कधीच नाही. माणूस फार तर लवकर वर येईल, पण टाकीतली हवा संपेपर्यंत खाली राहणार नाही.

पाण्याखाली घड्याळ नेणं आपल्याला नवलाचं वाटतं, पण 'घड्याळ' हा शब्दच मुळात पाण्यातून वर आलेला आहे. त्याचं कूळ घटी, घटिका. घटिकापात्र म्हणजे तांब्याची अर्धगोल वाटी, तिच्या तळाला बारीक भोक. घंगाळातल्या स्वच्छ पाण्यावर ती अलगद सोडायची. भोकातून पाणी चढत जातं, वाटी जड होते, काठ पाण्याला टेकतो आणि ती बुडुक्कन तळाशी जाते. ती एक घटका, म्हणजे २४ मिनिटं. अहोरात्रात ती ६० वेळा बुडावी, असं माप सूर्यसिद्धान्तात दिलं आहे. भोकात कचरा अडकला की वेळ चुकली, म्हणून वाटीवर नजर ठेवून कुणीतरी बसलेलं असे. जुन्या लग्नांत मुहूर्ताची घटका अशीच बुडवत, आणि आपल्या पत्रिकांत मुहूर्त घटिका-पळांत छापत.

घटका भरली की धातूच्या थाळीवर टोला पडे. त्या थाळीला घडियाल म्हणत, तेच आपलं घड्याळ. 'तास' हा शब्दही त्याच घरातला. फार्सीत तास म्हणजे वाटी, तबक. फिरोजशाह तुघलकाने दिल्लीत बसवलेल्या घटियंत्राचं नावच तास-घडियाल होतं. माणसाची घटका भरली असं आपण आजही म्हणतो, तेव्हा डोळ्यांसमोर ती बुडणारी वाटीच असते.

किनाऱ्यावरच्या माणसाला एरवी काट्यांची फारशी गरज नव्हती. तिथीची पाऊणपट केली की भरतीचा अंदाज मिळतो, हे कोकणात पोराटोरांना ठाऊक. पण पाण्याखाली तिथी कामाची नाही. तिथे वेळ श्वासाने मोजायची, आणि त्यासाठी पाणी आत येऊ न देणारी डबी हवी होती.

रोलेक्सने १९२६ साली ऑयस्टर नावाची बंद डबी काढली. पुढच्याच वर्षी मर्सिडीज ग्लाइट्झ ही तरुणी ती गळ्यात बांधून इंग्लिश खाडीच्या गारठ्यात पोहली. खऱ्या अर्थाने पाणबुड्यांचं घड्याळ आलं ते १९५३ साली. फ्रेंच नौदलाच्या पाणबुड्या सैनिकांसाठी ब्लांपाँने ते केलं आणि नाव ठेवलं फिफ्टी फॅदम्स. फॅदम म्हणजे आपला वाव, दोन्ही हात फैलावले की होतो तेवढा, सहा फूट. पन्नास वाव, सुमारे ९१ मीटर. आपले खलाशी दोरी सोडून खोली मोजत ते याच मापाने. परक्या मुलखातल्या घड्याळाचं नाव आपल्या खाडीत असं ओळखीचं निघावं, याचा मला फार आनंद झाला.

क्रोनोग्राफचं, म्हणजे बटण दाबून वेळ मोजायच्या घड्याळाचं, कूळ मात्र कोरड्या जमिनीवरचं. १८२१ साली पॅरिसच्या घोड्यांच्या शर्यतीत निकोला रियुसेक याने तबकडीवर शाईचा ठिपका टाकणारं यंत्र वापरलं. म्हणून नावात 'ग्राफ', लिहिणारं. पुढे शाई गेली, बाजूची बटणं राहिली. पाण्याच्या दृष्टीने प्रत्येक बटण म्हणजे डबीला पाडलेलं आणखी एक भोक. दर दहा मीटरला एका वातावरणाचा दाब वाढतो, आणि तो ते भोकच शोधत असतो. वाटी बुडायला एक भोक पुरत होतं. इथे दोन बटणांची आणि किल्लीचं अशी तीन भोकं रबरी कड्यांनी बुजवून ठेवायची.

म्हणून माझं मत असं, की खोल पाण्यात भरवसा कडेवरच ठेवावा आणि बटणं डेकवर वापरावीत. असं घड्याळ तुमच्याकडे असेल तर किल्ली घट्ट बसवल्याशिवाय खाडीत उतरू नका. पाण्यात बटण दाबू नका, बनवणाऱ्याने तशी मुभा दिली असेल तरच दाबा. बाहेर आल्यावर ते गोड्या पाण्याने धुवा आणि रबरी कडी वेळच्या वेळी तपासून घ्या.