जलशुद्धीकरणातील गाळणथरांचे आकारमान : एक ऐतिहासिक अभ्यास (१८०४ ते १९३०)

प्रस्तावना :
एकोणिसाव्या शतकातील नागरी आरोग्याचा इतिहास प्रामुख्याने साथी, कायदे आणि जंतुशास्त्रातील शोध यांच्या अंगाने लिहिला गेला आहे. शहराला पाणी पुरविणारी वाळूची गाळणी किती मोठी असावी, हा प्रश्न मात्र अभियंत्यांचा म्हणून बाजूला राहिला. वस्तुतः गाळणीचे क्षेत्रफळ म्हणजे जमीन आणि जमीन म्हणजे खर्च. तो कोणी सोसावयाचा, हा प्रश्न सामाजिक आहे. गाळणीच्या आकारमानाचे शास्त्र कसे घडले व त्यासाठी कोणती किंमत मोजावी लागली, याचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

अनुभवाधिष्ठित कालखंड :
स्कॉटलंडमधील पेझली येथे जॉन गिब यांनी १८०४ मध्ये आपल्या कापड-विरंजनाच्या कारखान्यासाठी गाळणी बांधली व उरलेले पाणी गावात विकले. १८२९ मध्ये जेम्स सिम्पसन यांनी लंडनच्या चेल्सी वॉटरवर्क्स कंपनीसाठी सुमारे एक एकराचा वाळूचा थर तयार केला. पुढे १८५२ च्या कायद्याने लंडनच्या कंपन्यांना घरगुती वापराचे पाणी गाळून देणे बंधनकारक केले. तथापि पाणी डोळ्यांना निर्मळ दिसणे हीच त्या काळची कसोटी होती. ते कोणत्या वेगाने गाळावे, हे अनुभवावरच ठरत असे.

हॅम्बुर्ग आणि आल्टोना :
या प्रश्नाचे उत्तर १८९२ च्या कॉलऱ्याने दिले. हॅम्बुर्ग व आल्टोना ही सलग वसलेली शहरे एल्ब नदीचेच पाणी पीत. हॅम्बुर्ग ते न गाळता पुरवी. आल्टोना नदीच्या खालच्या अंगाचे, म्हणजे हॅम्बुर्गचे सांडपाणी मिसळलेले पाणी घेई. पण ते वाळूतून गाळी. हॅम्बुर्गमध्ये ८,६०० हून अधिक माणसे, म्हणजे हजारी सुमारे १३, मृत्युमुखी पडली. आल्टोनात हे प्रमाण हजारी सुमारे २ होते. हॅम्बुर्गमध्ये गाळणीची चर्चा अनेक वर्षे चालू होती. खर्चाच्या वादात काम लांबले. गाळणी सुरू झाली ती मे १८९३ मध्ये, साथीनंतर.

१८९३ च्या आरंभी आल्टोनातही रोग उद्भवला. रॉबर्ट कॉख यांनी त्याचे कारण साफसफाईच्या वेळी थंडीने गोठलेल्या एका गाळणीत शोधले. सदोष गाळणीमुळे संपूर्ण शहर धोक्यात येते, हे त्यावरून स्पष्ट झाले. वाळूच्या पृष्ठभागावर साचणारा जैविक थरच जंतू अडवितो. त्याला अवधी मिळावा म्हणून गाळण्याचा वेग ताशी १०० मिलिमीटरहून अधिक नसावा आणि गाळलेल्या पाण्याच्या एका घन सेंटिमीटरमध्ये १०० हून कमी जंतू असावेत, असे निकष कॉख यांनी मांडले. प्रत्येक गाळणीची दररोज स्वतंत्र तपासणी व्हावी, हाही त्यांचा आग्रह होता.

निकषाकडून सूत्राकडे :
वेग निश्चित होताच क्षेत्रफळ हा साधा भागाकार झाला. रोज एक कोटी लिटर, म्हणजे १०,००० घनमीटर पाणी हवे असेल, तर दिवसाला २.४ मीटर या वेगाने सुमारे ४,१७० चौरस मीटर वाळू लागते. एक गाळणी सफाईसाठी बंद असताना उरलेल्यांवर जादा भार पडू नये म्हणून राखीव क्षेत्रही धरावे लागते. याच सुमारास अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधील लॉरेन्स येथे अ‍ॅलन हेझन यांनी वाळूच्या कणांचे ‘परिणामी आकारमान’ ही संकल्पना मांडली. वजनाने १० टक्के कण ज्याहून लहान असतात, ते हे माप होय.

लुईव्हिल येथील जॉर्ज फुलर यांच्या प्रयोगांनी (१८९५-९७) द्रुतगती गाळणीचा पाया घातला. तुरटी घालून गाळ आधी खाली बसविला आणि वाळू उलट प्रवाहाने धुतली, तर ताशी सुमारे ५ मीटर वेग चालतो. वरील पाण्यास मग ८३ चौरस मीटर पुरतात. जमीन वाचली, परंतु रसायने, यंत्रे व कुशल कामगार यांवरील अवलंबन वाढले.

सक्रिय कार्बनचा थर :
वाळूने न जाणाऱ्या चवी व वासांसाठी १९२९ मध्ये जर्मनीतील हाम आणि १९३० मध्ये अमेरिकेतील बे सिटी येथे दाणेदार सक्रिय कार्बनचे थर वापरात आले. कार्बन पाण्यातील द्रव्ये आपल्या पृष्ठभागावर धरून ठेवतो. म्हणून येथे क्षेत्रफळापेक्षा संपर्ककाळ निर्णायक ठरतो. वरील प्रवाहास १० मिनिटांचा संपर्क द्यावयाचा, तर सुमारे ७० घनमीटर कार्बन लागेल.

समारोप :
वाळू असो वा कार्बन, गाळणीचे आकारमान हे पाण्याला दिलेल्या वेळेचे माप आहे. हा वेळ कमी केला की बचत नगरपालिकेच्या हिशेबात दिसते आणि नुकसान मृत्यूंच्या नोंदीत. नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने १९७० च्या दशकात ग्रामीण पाणीपुरवठ्यासाठी मंदगती गाळणीचा नव्याने अभ्यास केला, यात या जुन्या तंत्राचे महत्त्व दिसून येते. जेथे जमीन आहे, पण तंत्रज्ञ व रसायने दुर्मीळ आहेत, तेथे विस्तीर्ण आणि संथ गाळणी हाच शहाणपणाचा मार्ग ठरतो.