बालगंधर्वांचे लुगडे आणि संगणक

ज्या सांगलीत १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले, तिला नाटकवेड शिकवावे लागत नाही. बालगंधर्वांचे नागठाणेही विश्रामबागेहून फार दूर नाही. त्यांची १९११ ची भामिनी आणि १९१६ ची रुक्मिणी पाहून घरंदाज स्त्रिया आपला पदर त्यांच्यासारखा घेऊ लागल्या. पुरुषाने स्त्रियांना नेसणे शिकवावे, ही गंमतच म्हणायची!

२०११ साली ‘बालगंधर्व’ चित्रपटात तो काळ पुन्हा उभा राहिला, आणि त्याच्या वेशभूषेस राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. आता तरुण कलावंत असले पेहराव संगणकावर उभे करू पाहतात. कापडाचे बारीक त्रिकोणांचे जाळे करावयाचे, वजन आणि ताठरपणा आकड्यांत सांगावयाचा, की ते पडद्यावरील देहावर पडते. पण ही साधने मुळात शिंप्याच्या रीतीची. तुकडे कापा, शिवण जोडा. नौवारीला शिवण कुठली? सुमारे सव्वाआठ मीटरचे ते एकसंध वस्त्र गाठ, निऱ्या आणि मागे खोचलेला काष्टा एवढ्यावरच तोललेले असते. म्हणून ते संगणकात शिवून चालत नाही, नेसवावे लागते.

त्याहून मोठी फसगत रंगाची. त्या काळच्या बहुतेक छायाचित्रांच्या काचांना तांबडा रंग जवळजवळ दिसतच नसे. त्यामुळे कुंकवासारखे लाल लुगडे चित्रात काळपट येई, आणि निळे फिकट पडे. हे ध्यानी न घेता यंत्राने रंग भरले, तर लाल शालवाची काळी चंद्रकळा व्हायची! बघणाऱ्यास ती खरीच वाटणार, हे अधिक वाईट. छायाचित्र घडण सांगते. रंगाची साक्ष मात्र प्रत्यक्ष वस्त्रालाच विचारली पाहिजे.

आणि ती वस्त्रे आहेत कुठे? पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयासारख्या ठिकाणी काही आहेत. बाकीची आपल्याच ट्रंकांत. जुनी जर विकत घेणारे दारावर येतात, लुगडे जाळून चांदी काढतात, आणि रेशमाची राख होते. एखादे आजीचे लुगडे असे द्यावयाचे ठरलेच, तर आधी ते दिवसाच्या उजेडात पसरून काठ, पदर आणि उलटी बाजू यांची छायाचित्रे घ्यावीत, लांबी-रुंदी मोजावी, आणि ते कोणी, कोणत्या सणाला नेसत असे, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून लिहून ठेवावे, एवढी आमची विनंती आहे.