कुर्ट गोल्डश्टाइन : वाचाघाताचे संशोधन आणि रुग्णांचा कैवार

भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याला कुर्ट गोल्डश्टाइन हे नाव बहुधा रोमान याकोबसन यांच्या द्वारेच प्रथम भेटते. याकोबसन व मॉरिस हॅले यांच्या १९५६ च्या ‘फंडामेंटल्स ऑफ लँग्वेज’ या पुस्तकात वाचाघाताच्या दोन प्रकारांविषयीचा सुप्रसिद्ध निबंध आहे, आणि त्यात गोल्डश्टाइन यांच्या एका रुग्णाचा दाखला येतो. या रुग्णाच्या तोंडून ‘सुरी’ हा शब्द एकटा असा कधी निघत नसे. त्याच वस्तूला तो उपयोगाप्रमाणे व सोबतच्या वस्तूंप्रमाणे कधी पेन्सिल-तासणी, कधी सफरचंद-सोलणी, कधी पावाची सुरी, तर कधी सुरीकाटा म्हणे. हा दाखला पुढे पाठ्यपुस्तकांतून फिरत राहिला. दाखल्यामागचा माणूस, आणि त्या माणसाला अशा रीतीने बोलताना ऐकून घेणारा वैद्य, हे दोघेही मात्र अभ्यासकांच्या दृष्टिआड झाले. गोल्डश्टाइन यांची भाषाविषयक उपपत्ती त्यांनी पत्करलेल्या रुग्णसेवेपासून वेगळी काढली तर ती नीटशी समजत नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. तिचे बळ त्या सेवेतून आले आणि तिच्यातील एक उणीवही त्याच सेवेच्या पोटी जन्मली.

गोल्डश्टाइन यांचा जन्म ६ नोव्हेंबर १८७८ रोजी वरच्या सायलेशियातील कातोवित्स येथे एका ज्यू कुटुंबात झाला. हे गाव तेव्हा जर्मन साम्राज्यात होते. आज ते पोलंडमध्ये आहे. तत्त्वज्ञानाची ओढ होती, पण शिक्षण घेतले ते वैद्यकाचे, आणि तेही ब्रेस्लाऊ येथे कार्ल व्हेर्निके यांच्या हाताखाली. हा योग महत्त्वाचा आहे. व्हेर्निके यांनी १८७४ मध्ये वाचाघाताची जी मांडणी केली, तीत मेंदूतील विशिष्ट केंद्रे व त्यांना जोडणारे मार्ग यांचा एक आराखडाच होता. अमुक केंद्र दुखावले की अमुक प्रकारची वाचा जाते, असा तिचा हिशेब होता. हा हिशेब आजही सर्वस्वी टाकाऊ ठरलेला नाही, आणि गोल्डश्टाइन यांनीही तो कधी पूर्णतः टाकून दिला नाही. परंतु आराखड्यात रुग्ण हा तुटलेल्या तारांचा संच होऊन बसतो. त्याने उरलेल्या सामर्थ्यावर दिवस कसा काढावयाचा, हा प्रश्न त्यात उमटण्यास जागाच नसते. तो प्रश्न उमटण्यास युद्ध यावे लागले.

१९०३ मध्ये पदवी घेतल्यावर गोल्डश्टाइन काही काळ फ्रांकफुर्ट येथे लुडविग एडिंगर यांच्या मज्जाशास्त्रीय संस्थेत होते. नंतरची काही वर्षे त्यांनी क्योनिग्सबर्गच्या मनोरुग्णालयात काढली. १९१४ मध्ये ते एडिंगर यांच्याकडे परतले, आणि त्याच वर्षी महायुद्ध पेटले.

खंदकांतील युद्धाने डोक्याला झालेल्या जखमांची एक नवीच जात निर्माण केली. तोफगोळ्याची किरच कवटीत शिरूनही तरुण सैनिक जगत, कारण शस्त्रक्रियेने तेवढी मजल मारली होती. मात्र जगल्यावर त्यांचे काय, याचे उत्तर कोणाजवळ नव्हते. हातपाय धड, चेहरा धड, पण साधा हिशेब जमत नाही, वस्तूचे नाव आठवत नाही, पूर्वीचे काम हाती घेतले की घाम फुटतो. अशा माणसाला लष्करी खाते ढोंगी समजे आणि घरचे लोक आळशी समजत. मेंदूच्या इजांच्या परिणामांचा अभ्यास करणारी संस्था १९१६ मध्ये फ्रांकफुर्ट येथे उभी राहिली व गोल्डश्टाइन तिचे प्रमुख झाले. तिच्यात रुग्णशाळा होती, मानसशास्त्रीय प्रयोगशाळा होती, गेलेली वाचा पुन्हा शिकविणारे वर्ग होते आणि प्रत्यक्ष कामाच्या कार्यशाळाही होत्या. प्रयोगशाळेत त्यांना मानसशास्त्रज्ञ आडेमार गेल्ब यांचे साहाय्य लाभले.

या रचनेत एक पद्धतिविषयक विचार दडलेला आहे. प्रयोगशाळेत अर्ध्या तासात घेतलेली चाचणी आणि कार्यशाळेत दिवसचे दिवस पाहिलेले काम यांची तुलना करता आली, तेव्हा गोल्डश्टाइन यांच्या ध्यानात आले की दोन्हींचे निकाल अनेकदा जुळत नाहीत. चाचणीत नापास होणारा माणूस ओळखीच्या कामात गोड हाताने काम करतो, आणि चाचणीत चटकन उत्तीर्ण होणारा दुसरा, काम किंचित बदलताच गोंधळून जातो. १९१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथाच्या नावातच उपचार, संगोपन आणि मूल्यनिर्णय हे तीन शब्द एकत्र आले आहेत. त्यातील मूल्यनिर्णय म्हणजे निवृत्तिवेतनासाठी रुग्णाच्या कार्यक्षमतेविषयी वैद्याने द्यावयाचे मत. एका सहीवर एखाद्या कुटुंबाची चूल अवलंबून असताना अर्ध्या तासाच्या चाचणीवर विसंबणे त्यांना मान्य नव्हते. रुग्णाचा कैवार घेणे म्हणजे त्याच्याविषयी कळवळ्याने बोलणे, असा आपला समज असतो. गोल्डश्टाइन यांच्या बाबतीत मात्र अचूक निदान हाच कैवाराचा पहिला भाग होता.

याच सहवासातून त्यांचे एक महत्त्वाचे निरीक्षण निघाले. एखाद्या रुग्णाला साधा हिशेब घातला आणि तो सुटला नाही, तर केवळ चूक होऊन भागत नसे. माणसाचा चेहरा बदले, तो भांबावे, चाचपडू लागे, काही वेळा तुसडेपणाने अंगावर येई. क्षणापूर्वी शांतपणे उत्तरे देणारा मनुष्य तो हाच काय, असा प्रश्न पडावा. या स्थितीला गोल्डश्टाइन यांनी जे नाव दिले त्याचा अर्थ ‘आपत्तीची प्रतिक्रिया’ असा होतो. तिच्यापासून बचाव व्हावा म्हणून रुग्ण आपले जग आवळून घेतो. कपाटातील प्रत्येक वस्तू ठरल्या जागी ठेवतो, अनोळखी प्रसंग टाळतो, विचारलेल्या प्रश्नाला बगल देऊन जे येते तेच बोलतो. वरवर पाहणाऱ्यास हा हट्ट वाटेल किंवा विक्षिप्तपणा वाटेल. वस्तुतः उरलेल्या सामर्थ्यावर तोल सांभाळण्याचा तो मार्ग असतो, आणि वैद्याने तो मोडू नये, उलट रुग्णाच्या भोवतालची परिस्थिती त्याला पेलेल अशी करावी, हे त्यांचे सांगणे होते.

भाषाशास्त्राच्या दृष्टीने याचा अर्थ दूरगामी आहे. वाचाघाताच्या रुग्णाचे उद्गार आपण सामग्री म्हणून टिपतो, तेव्हा त्यांत तीन गोष्टी मिसळलेल्या असतात: इजेमुळे थेट उद्भवलेली त्रुटी, त्या त्रुटीभोवती रुग्णाने रचलेली तडजोड, आणि परीक्षकासमोर बसल्यामुळे आलेली भीती. या तिहींची निवड केल्यावाचून व्याकरणाचे अमुक अंग नष्ट झाले असे विधान करणे घाईचे ठरते. १९४८ मध्ये इंग्रजीतून प्रसिद्ध झालेल्या ‘लँग्वेज अँड लँग्वेज डिस्टर्बन्सेस’ या ग्रंथातील हा भाग, निव्वळ उदाहरणांसाठी तो चाळणारे अभ्यासक बहुधा सोडून देतात.

आता त्यांच्या मुख्य सिद्धांताकडे वळू. वस्तूच्या तत्क्षणीच्या रूपाला व उपयोगाला बांधलेली वृत्ती ती ‘मूर्त’, आणि त्या क्षणापासून दूर सरून वस्तूला एका वर्गाची प्रतिनिधी म्हणून पाहणारी ती ‘अमूर्त’, असा भेद गोल्डश्टाइन करतात. मेंदूच्या इजेने दुसरी वृत्ती दुबळी होते, असे त्यांचे म्हणणे. उजवा हात लुळा पडलेल्या रुग्णास ‘मी उजव्या हाताने चांगले लिहू शकतो’ हे वाक्य नुसते म्हणून दाखवावयास सांगितले, तर तो ‘उजव्या’ऐवजी ‘डाव्या’ असेच म्हणे. जे खरे नाही ते केवळ वाक्य म्हणून उच्चारणे त्याला शक्य होत नसे. भाषेचा हा गुण, म्हणजे वस्तुस्थितीपासून सुटून बोलता येणे, आपण इतका गृहीत धरतो की तो हरवलेला माणूस दिसेपर्यंत त्याची जाणीवही होत नाही. तत्त्वज्ञ एर्न्स्ट कासिरेर हे गोल्डश्टाइन यांच्या नात्यातले होते. प्रतीकरूपांविषयीच्या आपल्या ग्रंथाच्या १९२९ मधील तिसऱ्या खंडात त्यांनी याच रुग्णांच्या निरीक्षणांचा विस्ताराने उपयोग केला आहे.

रंगांच्या नावांविषयीचे गेल्ब-गोल्डश्टाइन यांचे प्रयोग या सिद्धांताचा आधारस्तंभ मानले जातात. निरनिराळ्या छटांच्या लोकरीच्या लडी समोर ठेवून ‘सर्व तांबड्या लडी काढा’ असे सांगितले की रुग्ण हुबेहूब जुळणारी एखादीच लड उचलीत. रंगाचे नाव विचारले की ते ‘चेरीसारखा’ किंवा अमुक फुलासारखा असे उत्तर देत. वर्गवाचक शब्द हरपून वस्तुवाचक शब्द उरला, असा निष्कर्ष त्यावरून काढला गेला. येथे मराठी भाषकाने थोडे थांबले पाहिजे. आपल्याकडे काळा, पांढरा, तांबडा, पिवळा, हिरवा, निळा ही नावे सोडली तर रंगांच्या शब्दसंग्रहाचा मोठा हिस्सा वस्तूंवरूनच आलेला आहे: जांभळा, नारिंगी, गुलाबी, डाळिंबी, अबोली, आमसुली, पोपटी, मोरपिशी, राखाडी. लुगड्यांच्या दुकानात ‘आमसुली दाखवा’ म्हणणारी बाई मूर्त वृत्तीत अडकलेली नसते. तिच्या भाषेने तो वर्ग तसाच घडविला आहे. ‘सुरी’च्या दाखल्याचेही तेच. मराठीत विळी, सुरी, चाकू, कोयता ही उपयोगानुसार निरनिराळी नावे निरोगी माणसाच्या तोंडीही असतातच. तेव्हा शब्दाच्या घडणीवरून वृत्तीचे निदान करता येणार नाही. लडी वेचताना रुग्णाने काय केले हा पुरावा राहतो. त्याने कोणता शब्द वापरला हा पुरावा मात्र भाषेगणिक नव्याने तपासावा लागतो. मराठी रुग्णांसाठी चाचण्या रचताना जर्मन किंवा इंग्रजी शब्दयाद्यांचे भाषांतर करून भागणार नाही, ते याच कारणाने.

या सिद्धांताची दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. शोधनिबंधांत ‘श्न.’ या अक्षरांनी ओळखला जाणारा एक तरुण सैनिक १९१५ मध्ये डोक्याच्या मागील बाजूस किरचा लागून जखमी झाला होता. गेल्ब व गोल्डश्टाइन यांनी १९१८ मध्ये त्याच्यावर जो निबंध लिहिला, त्यात असे दाखविले की त्याला अक्षराची आकृती आकृती म्हणून दिसत नाही. डोके व हात किंचित हलवून तो रेषा गिरवितो आणि त्या हालचालीवरून वाचतो. हालचाल रोखली की वाचन थांबते. पुढे असेही आढळले की डास चावलेल्या जागी त्याचा हात तत्काळ जाई, पण डोळे मिटून ‘नाकाकडे बोट दाखव’ म्हटल्यास ते त्याला सहज जमत नसे. संस्थेच्या कार्यशाळेत हाच मनुष्य कातड्याची पाकिटे बनवीत असे. मेर्लो-पोंती यांच्या १९४५ च्या ग्रंथामुळे श्न. तत्त्वज्ञानाच्या वर्गातही जाऊन पोहोचला. परंतु १९४९ मध्ये रिचर्ड युंग व एबरहार्ड बाय यांनी केलेल्या फेरतपासण्यांतून मूळ निदान टिकत नाही असे मत पुढे आले, आणि नंतरच्या चिकित्सकांनीही या प्रकरणाचे शास्त्रीय मोल प्रश्नांकित केले. वर्षानुवर्षे तपासला गेलेला, तपासणाऱ्यांना आपल्याकडून काय हवे आहे हे जाणणारा रुग्ण त्यांना हवे तेच देऊ लागतो, असा त्यातील आक्षेपाचा गाभा. यात लबाडी असलीच पाहिजे असे नाही. जो वैद्य आपला कैवार घेतो, ज्याच्या मतावर आपले निवृत्तिवेतन अवलंबून आहे, त्याच्या अपेक्षेला आपले वर्तन जुळत जाणे हे मानवी आहे. परीक्षकासमोर बसलेल्या रुग्णाच्या भीतीचा हिशेब गोल्डश्टाइन यांनी मांडला. त्याच्या कृतज्ञतेचा हिशेब मात्र त्यांच्याकडून राहून गेला, असे म्हणावे लागते.

एडिंगर १९१८ मध्ये वारले व त्यांच्या संस्थेची धुराही गोल्डश्टाइन यांच्याकडे आली. १९३० मध्ये ते बर्लिनच्या मोआबिट रुग्णालयात मज्जाविकार विभागाचे प्रमुख झाले. ते समाजवादी वैद्यांच्या संघटनेचे सभासद होते, आणि ज्यू होते. १९३३ च्या जर्मनीत यांपैकी एकही गोष्ट पुरेशी झाली असती. एप्रिलच्या आरंभी नाझी सैनिकांनी त्यांना रुग्णालयातूनच पकडून नेले व मारहाण केली. देश सोडून जाण्याच्या अटीवर काही दिवसांनी त्यांची सुटका झाली. त्याच वर्षीच्या जुलैमध्ये आनुवंशिक रोग्यांच्या सक्तीच्या निर्बीजीकरणाचा कायदा झाला आणि ज्यांना ते रुग्ण म्हणत, त्यांना राज्य ओझे म्हणू लागले. गोल्डश्टाइन यांनी स्वतःही १९१३ मध्ये वंशस्वास्थ्यावर एक पुस्तिका लिहिली होती, ही नोंद त्यांच्या चरित्रातून गाळण्याचे कारण नाही. त्या काळच्या जर्मन वैद्यकात हा विषय सर्वत्र चर्चिला जात होता व तेही त्या चर्चेपासून अलिप्त नव्हते.

आम्स्टरडॅममध्ये रॉकफेलर प्रतिष्ठानाच्या साहाय्यावर राहून त्यांनी आपला प्रधान ग्रंथ सांगून लिहविला. तो १९३४ मध्ये हेगहून जर्मन भाषेत प्रसिद्ध झाला, आणि ‘दि ऑर्गॅनिझम’ या नावाने १९३९ मध्ये इंग्रजीत आला. पुढे अब्राहम मॅस्लो यांच्यामुळे सर्वतोमुखी झालेली ‘आत्मप्रत्यक्षीकरणा’ची कल्पना मूळची या ग्रंथातील आहे. आज यशस्वी माणसांच्या संदर्भात वापरली जाणारी ही संज्ञा मेंदू दुखावलेल्या सैनिकांच्या निरीक्षणातून निघाली, याची आठवण तिच्या वापरकर्त्यांना क्वचितच असते.

१९३५ पासून ते अमेरिकेत होते. न्यूयॉर्क, हार्वर्डमधील विल्यम जेम्स व्याख्याने, बॉस्टनचे टफ्ट्स, पुन्हा न्यूयॉर्क. पन्नाशी उलटल्यावर परक्या भाषेत अध्यापन करावे लागलेल्या या माणसाचा जम तेथे जर्मनीइतका कधी बसला नाही. दुसरे महायुद्ध सुरू होताच त्यांनी फ्रांकफुर्टमधील सर्व अनुभव एकत्र करून युद्धातील मेंदूच्या इजांवर एक पुस्तक इंग्रजीत लिहिले. ते १९४२ मध्ये निघाले. त्यातही तपासणीइतकीच जागा पुनःशिक्षणाला आणि कामधंद्याच्या प्रश्नाला दिलेली आहे.

१९६५ च्या उन्हाळ्याच्या अखेरीस त्यांना पक्षाघाताचा झटका आला. शरीराची उजवी बाजू गेली आणि तिच्याबरोबर वाचाही गेली. काही आठवड्यांनी, १९ सप्टेंबर रोजी, न्यूयॉर्क येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या स्मरणार्थ मारियाना झिमेल यांनी संपादिलेला लेखसंग्रह १९६८ मध्ये प्रसिद्ध झाला.